रेणुकाच्या नावावरचा टॅब

१२ ऑक्टो., शनिवार. दसरा.
सकाळी देव, मग ह्यांची शेतीची अवजारं, मग पाटावर शाळेचे दहा टॅब. पाटीवर सरस्वती काढली. ओल्या हळदीकुंकवाची बोटं प्रत्येकाला वर आणि खालच्या कडेला, अक्षता, आपट्याचं पान. हे म्हणाले, "नैवेद्य काय दाखवतीस ह्यांना? लाइट?" म्हटलं विद्येची वस्तू आहे, हसू नका.
परत एकेक टॅब जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळला, मध्ये कडुनिंबाचा पाला, आणि कपाटात. शाळेच्या कपाटाला कुलूप बसत नाही, शेजारच्या गावी शाळेचा टीव्ही चोरीला गेला, म्हणून हेडसरांनी जूनमध्येच माझ्याकडं आणून ठेवले. शाळेच्या समितीची अध्यक्ष मी. जुलैत दोनदा शाळेत नेले होते, परत आले ते चिकट हातांचे ठसे घेऊन. मी तसं बोलले. तेव्हापासून सर न्यायला येत नाहीत.
नवे आले तसे आहेत. एक ओरखडा नाही.

२१ ऑक्टो., सोमवार
जिंतूरला समितीच्या अध्यक्षांचं प्रशिक्षण. बसला बसायला जागा नाही, फाट्यापर्यंत उभी. मोठ्या पडद्यावर देशाचं धोरण दाखवलं. मॅडम चांगलं बोलल्या. उतरवून घेतलं ते असं: गावातल्या मुलाला शहरातल्या इतकंच शिकायला मिळावं. मास्तर कमी असले तरी धडा कमी पडू नये. जी मुलं आईबापामागं परगावी जातात त्यांचा अभ्यास यंत्रातून चालू राहावा, त्यांना यंत्र घरी न्यायला द्यावं. शेवटच्या मुलापर्यंत.
"शेवटच्या मुलापर्यंत" हे मला आवडलं. देवाच्या कामासारखं वाटलं.
मॅडम म्हणाल्या, यंत्र कपाटात राहिलं तर ते मुलाला मिळालं असं धरायचं नाही. सगळ्या बायका हसल्या. मीपण.

५ नोव्हें., मंगळवार
उपास. दुपारी शेवंता आली, पाठीमागं तिची रेणुका. दोघं नवराबायको ऊसतोडीला जायलेत, मुकादमाची गाडी परवा. रेणुका पाचवीला, बरोबर न्यावी लागते, धाकटीला कोण बघणार. सरांनी तिला सांगून ठेवलं होतं की एक टॅब तुझा. सात नंबरचा. पाचवीचे सगळे धडे त्यात भरलेत, नेट लागत नाही.
पोरगी वेणी घालून, हात धुऊन आली होती. हात पुढं करून दाखवले. कुणीतरी सांगितलं असणार माझ्याबद्दल.
मी विचारलं, कोपीत ठेवणार कुठं? पाचटाचं छप्पर, खाली ओल.
"काकू, आमी सांभाळू की. पत्र्याची पेटी हाय माझी. लुगडी काढून ठिवते भाईर."
म्हटलं, सरकारी वस्तू आहे, माझ्या जिम्म्यावर आहे. गावातला एक जामीन आण. मग खुशाल ने.
गेल्या. मला माझं बोलणं योग्यच वाटलं. अजूनही वाटतं.

६ नोव्हें., बुधवार
शेवंता एकटी आली संध्याकाळी. तीन घरी जाऊन आली म्हणे. एकानं म्हटलं विचारून सांगतो, एकानं हसण्यावारी नेलं, एकाच्या बायकोनं दारातूनच परत पाठवलं.
"काकू, कोयत्यापुरता मुकादम जामीन ऱ्हातो आमाला. लेकराच्या शाळेला कोण ऱ्हातंय? तुमीच ऱ्हावा की."
मी म्हणाले, ठेवणारी मी, मग जामीन मी कशी? दोन्ही एकच माणूस चालत नाही.
तिनं पदर सारखा केला. "बरं," म्हणाली.
हे नंतर म्हणाले, "वकील व्हायची तू." बरं वाटलं ऐकून.

७ नोव्हें., गुरुवार
गाडी गेली. मारुतीपाशी थांबली होती. मी आतच राहिले, गहू निवडायला काढले होते.

२५ नोव्हें., सोमवार
सर वही घेऊन आले. टॅब दिल्याची नोंद. बाहेरगावी गेलेल्या मुलांपैकी किती जणांना यंत्र दिलं ते वर कळवायचं होतं. आपल्या शाळेतून एक, रेणुका, नंबर सात. तारीख ५ नोव्हें. टाकलेली होती. अध्यक्षांची सही.
मी म्हटलं सर, पण तो तर कपाटातच आहे.
"काकू, दिल्याचा आकडा मागतात. न दिल्याचं कारण कुणी मागत नाही. शून्य लिहिलं तर मला चार वेळा तालुक्याला जावं लागतं. ती आली की देऊ तिला. नोंद पुढं-मागं."
सही केली. सर चांगले आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, गुडघे दुखतात. चहा पिऊन गेले.
सही करताना नीट अक्षर काढलं.

१४ जाने., मंगळवार. संक्रांत.
वाणाला बायका होत्या, तेवढ्यात फोन. नंबर ओळखीचा नाही. रेणुका. आईच्या फोनवरून, कुठल्या तरी कारखान्याकडून. मागं कुणीतरी हाळ्या देत होतं.
"काकू, तिळगूळ घ्या. माझा टॅब दुसऱ्या कुणाला दिला का?"
म्हटलं, नाही बाळा.
"मग ठिवा. मी आल्यावर घेते. अपूर्णांकापर्यंत झालंय माझं, पुस्तक भिजलं तवर. फुडलं त्यात हाय म्हणले सर."
बायकांनी विचारलं कुणाचा फोन. सांगितलं, शाळेतली मुलगी. सगळ्या म्हणाल्या, बघा, किती मान आहे तुम्हाला.

११ फेब्रु., मंगळवार
पत्र आलंय. सोमवारी तालुक्याहून साहेब येणार, टॅब चालू करून बघणार. सर म्हणाले काकू चार्ज करून ठेवा.
फडकी सोडली. एकही लागेना. बटण दाबून दाबून अंगठा दुखला. तार खालच्या भोकात जातच नाही. आत काहीतरी घट्ट बसलेलं. मी एवढंच बघितलं की लाल आहे.
सात नंबरच्या काचेची एक बाजू वर आलीये. पुरी फुगावी तशी.
मंगलला फोन केला, परभणीला. लेक म्हणाली, "आई, अगं सात महिने चार्ज केले नाहीस? ते काही सोनं आहे का ठेवून द्यायला? वापरत राहिलं तरच टिकतं ते."
मी आयुष्यभर उलटं करत आले. वस्तू वापरली की झिजते. नव्या चादरी अजून पेटीत आहेत, मंगलच्या लग्नातल्या.

१३ फेब्रु., गुरुवार
जिंतूर. दहाही टॅब पिशवीत, वर मेथीच्या जुड्या, कुणाला दिसू नयेत म्हणून. दुरुस्तीवाला तरुण माणूस. टाचणीनं पहिल्याचं भोक कोरलं, कागदावर झटकलं. वाळलेलं कुंकू. तांदळाचा एक दाणा.
"काकू, लगीन लावलं व्हतं का टॅबचं?"
दुकानातली सगळी हसली. मी पण हसले. आणि म्हणाले, "लेकरांचं काम. काय करावं."
तोंडातून निघून गेलं. लेकरांनी सात महिन्यांत हात लावला नाही त्याला.
संध्याकाळपर्यंत सहा लागले. आणखी तीन जेमतेम, तार काढली की बंद. सात नंबर त्यानं हातात घेतला आणि लगेच बाजूला ठेवला. "हे घरात ठिवू नका. बॅटरी फुगलीय. पडून पडून मेलं हे."
परत येताना खिडकीपाशी जागा मिळाली. डोळे मिटून जप करायला बसले. मोजणी चुकत होती, पुन्हा पहिल्यापासून.

१७ फेब्रु., सोमवार
लिहायचं नव्हतं. पण ही वही दुसरं कुणी वाचत नाही.
साहेब आले. सहा टॅब मुलांच्या हातात दिले, चालू. साहेब खूश. तीन "दुरुस्तीला" म्हणून लिहिले. मग सात नंबर. साहेबांनी वही उघडली. "हा कुणाकडं होता?"
सरांनी माझ्याकडं बघितलं. मी चहाच्या कपांकडं.
सर म्हणाले, ऊसतोडीला गेलेल्या मुलीकडं. गावच्या एका माणसाबरोबर परत आला, असा.
साहेब: "मग व्हायचंच. द्यायचं धोरण आपलं, पण त्यांना काय कळतंय वापरायचं." त्यांनी लिहिलं: विद्यार्थिनीकडून नादुरुस्त.
माझ्याकडं वळून, "काय अध्यक्ष?"
मी मान हलवली.
हलवली. खोडत नाही.

२६ फेब्रु., बुधवार. महाशिवरात्र.
पिंडीवर पाणी घातलं, बेल वाहिला. मागणं काही सुचलं नाही. दरवर्षी मंगलसाठी, ह्यांच्या तब्येतीसाठी मागते. आज वाटलं, माझ्या तोंडून काही मागू नये.
सर देवळात भेटले. दोघंही पावसापाण्याचं बोललो. फेब्रुवारीत.

८ एप्रिल, मंगळवार. एकादशी.
शेवंताची माणसं परत आली. दुपारी आडावर बायकांत ऐकलं की मुलांनी रेणुकाला शाळेच्या रस्त्यावर गाठलं. "टॅबफोडी, टॅबफोडी." साहेबांचं बोलणं वर्गातल्या मुलांनी ऐकलेलंच होतं. दोन महिने मला कळत होतं की हे होणार.
संध्याकाळी पोरगी दारात. उन्हानं काळवंडलेली, हातावर उसाच्या पात्यांच्या रेघा.
"काकू, मी तर हात लावला नव्हता ना त्याला?"
विचारत होती. मला विचारत होती, स्वतःला खात्री नसल्यासारखी. जणू तिनं लावला असेल आणि विसरली असेल.
मी म्हणाले, नाही लावलास. उद्या बोलते सरांशी. शेंगदाण्याचा लाडू दिला. घेतला नाही. एकादशी आहे म्हणाली. खोटं. तिच्या घरी एकादशी धरत नाहीत. आणि शेंगदाणा तर उपासाला चालतोच.

९ एप्रिल, बुधवार
बोलले सरांशी. ते म्हणाले, आता नोंद वर गेली, आपोआप विसरतील लोक. मला हायसं वाटलं. लाज वाटायला पाहिजे होती, हायसं वाटलं.

२ मे, शुक्रवार
कैऱ्या आल्या, लोणचं घालायचं म्हणून मोहरी दळून आणली, तशीच पडून आहे.
रेणुका पाचवी पास. आपली शाळा पाचवीपर्यंतच. तालुक्याला मुलींची निवासी शाळा आहे, तिथल्या यादीत तिचं नाव लागलंय. शेवंता दाखला मागायला गेली. सर म्हणाले, तुझ्या मुलीच्या नावावर वस्तू नादुरुस्त आहे, ती नोंद बंद झाल्याशिवाय दाखल्यावर शिक्का देता येत नाही, वरून विचारणा होईल.
शेवंता माझ्याकडं आली. ओसरीच्या खाली उभी राहिली, वर ये म्हटलं तरी आली नाही.
"काकू, तुमी अध्यक्ष. तुमाला ठाव हाय टॅब कुठं व्हता. दाखला न्हाई मिळाला तर दिवाळीला पोरगी संगट येती माझ्या. मंग धाकटीला घिऊन कोपीवर बसती. मंग एक-दोन वर्सानं कोयता. मी तशीच शिकले कोयता."
म्हटलं, बघते. करते काहीतरी.
"बगा," म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

१९ मे, सोमवार
बघते म्हणून सतरा दिवस झाले. पुतणीचं लग्न, पाहुणे, पापड. कामं होती. कामं असतातच.

२९ मे, गुरुवार
आज ह्यांना सांगितलं. सगळं, कुंकवापासून. आधी हसले, मग हसायचे थांबले.
"कागद झालाय ना? मग गप ऱ्हा. आता बोललीस तर तुझ्या नावावर येतंय सगळं. सर बिचारे अडकतेत. त्या पोरीचं काय, दुसऱ्या शाळेत जाईल."
कुठल्या दुसऱ्या?
"मला काय ठाव. तू कामून एवढं डोक्यात घेतीस? तू काय चोरी केली का? जपूनच ठेवलं की."
जपूनच ठेवलं. कुणापासून जपलं, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं असतं. ज्यांच्यासाठी आलं त्यांच्यापासूनच. पत्र्याची पेटी आहे म्हणाली होती ती. माझ्या कपाटात मेला, तिच्या पेटीत जगला असता. रोज बघितला असता ना तिनं.
मी तिला जामीन मागितला. मला कुणी मागितला नव्हता. माझ्याकडं दहा आणून ठेवले, चहासुद्धा माझाच पिऊन गेले, कुणी विचारलं नाही की बाई तुमचा जामीन कोण.

११ जून, बुधवार
कागद लिहिला. चार वेळा. पहिल्यात "काही कारणाने" असं लिहिलं होतं, फाडला. दुसऱ्यात सरांचं नाव जास्त येत होतं, माझं कमी. चौथा असा: टॅब क्र. ७ रेणुकास कधीही दिला नाही. तो माझ्या घरी माझ्या कपाटात होता. दसऱ्याच्या पूजेत कुंकू मी घातले. सात महिने चार्ज न केल्याने खराब झाला. दिल्याच्या नोंदीवर सही माझी आहे व ती खोटी आहे. साहेबांसमोर मी गप्प राहिले.
खाली दस्तखत. अक्षर नीट आलं नाही.

१४ जून, शनिवार
शेवंताच्या घरी गेले. लग्न होऊन आल्यापासून त्या गल्लीत पहिल्यांदा. तिनं पोतं अंथरलं. कागद वाचून दाखवला, तिला वाचता येत नाही. रेणुका चुलीपाशी होती, भाकरी थापायची थांबली.
शेवंता मग म्हणाली, "कागदाचं सरांनी बगावं. माझ्या पोरीला गावानं नाव ठिवलंय ते तोंडानं ठिवलंय. काकू, तुमी तोंडानं सांगा."
कुठं सांगू?
"जितं समद्यांनी ऐकलं, तितं. सोमवारी शाळा उघडती. समदे येतेत."
रेणुकानं चहा आणला. बिनदुधाचा. प्यायले सगळा.

१६ जून, सोमवार
शाळा उघडली. दारात तोरण, नव्या मुलांना फुलं. आईबाप बरेच आले होते. अध्यक्ष म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगतात दरवर्षी. दरवर्षी मी म्हणते, मुलांनो वस्तू जपून वापरा.
कागद सरांना आधीच दिला होता, सकाळी. त्यांनी उभ्यानं वाचला, बसून वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "काकू, माझं दीडच वर्ष राहिलंय हो." म्हटलं, माहीत आहे सर. माझी सही तुमच्या आधी आहे, विचारलं तर आधी मलाच विचारतील. ते म्हणाले, "तसं नसतं वरती."
मग उभी राहिले बोलायला. रेणुकाच्या नावावर जो टॅब फुटला म्हणता तो माझ्या कपाटात मेला, तिनं त्याला हात लावला नाही, मी द्यायचा नाकारला, आणि साहेबांपुढं मान हलवली. असं म्हणाले. ह्याच्याहून थोडं जास्त बोलले असेन, आठवत नाही. कुंकवाचं सांगितलं तेव्हा दोघंतिघं हसले. मुलं हसली नाहीत.
नंतर एकजण म्हणाला, "काकू बसा, ऊन लागंल." मागं कुणीतरी हळूच, "आता हिच्या घरी काय ठेवायची सोय राहिली न्हाई." खरं आहे.
हे भिंतीपाशी उभे होते. माझ्याआधीच घरी निघून गेले.
रेणुका आईच्या मागं होती. माझ्याकडं बघितलं नाही. त्या पोरांकडं बघत होती, एकेकाकडं.
दाखला लिहून झालाय, सरांच्या टेबलावर आहे, मी बघितला. सही आहे. शिक्का नाही. सर म्हणाले, संध्याकाळी तालुक्याला फोन करून विचारतो, मग. संध्याकाळ झाली, सरांचा फोन लागत नाही.
उद्या निवासी शाळेत प्रवेश घ्यायची अखेरची तारीख. सकाळी सातच्या बसनं दोघी जायच्या म्हणतात, दाखला मिळो न मिळो. मी शेवंताला म्हणाले, मीपण येते, तिथल्या बाईंना मीच सांगते.
ती हो म्हणाली नाही. नको म्हणाली नाही. म्हणाली, "सात म्हंजी सातलाच निगती बस."